सहावी, सातवी आणि नयनचं लग्न

माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, त्याला देवाच्या दहा आज्ञा आणणारा मोशे जबाबदार नाही. मी आहे.

रत्नागिरीत आम्ही ख्रिस्ती माणसं मुळात मूठभर. त्यात कॅथलिक वेगळे, आम्ही प्रॉटेस्टंट वेगळे, आणि माझा धाकटा भाऊ वसंत तिसराच. तो चार वर्षांपूर्वी आमचं चर्च सोडून एका नव्या मंडळीत गेला. ती एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये भरते, तिथे ड्रम वाजतो आणि दर वाक्याला 'आमेन' म्हणावं लागतं. शेजारचे सावंत मला नेहमी विचारतात, "तुम्ही सगळे एकच ना हो?" मी आपला "एकच, एकच" म्हणून दार लावून घेतो. खरं सांगत बसलो तर त्यांचं ऑफिस बुडायचं.

तर माझी नयन. सिव्हिलला नर्स. तिने जमवलं रॉनी फर्नांडिसशी, म्हणजे कॅथलिकांकडे. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिन बघतो. त्याचे वडील पास्कूबाब मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. माणूस सोन्यासारखा, पण एकदा तापला की थंड व्हायला त्याच्या इंजिनाइतकाच वेळ घेतो. लग्नाला दोन्ही घरांचा होकार होता. अडलं होतं ते वरच्या पातळीवर. त्यांचे फादर आणि आमचे पाळक यांचं एका नाताळात लाउडस्पीकरवरून बिनसलं होतं, आणि तेव्हापासून दोघे बाजारात समोरासमोर आले तरी एकजण माशांचा भाव विचारायला वळायचा.

नयनने सांगून टाकलं, "फादर आणि पाळकसाहेब दोघेही उभे राहून आशीर्वाद देणार असतील तर चर्चमध्ये. नाहीतर रजिस्टर."

"रजिस्टर लग्न आमच्या घरात चालायचं नाही," पास्कूबाब म्हणाले.

शेवटी जानेवारीतल्या ऐक्य-सप्ताहाने वाट काढली. त्यांच्या चर्चमध्ये एकत्र प्रार्थना करायची, दहा आज्ञांवर दहा जणांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं, पाच आमचे, पाच त्यांचे. हे नीट पार पडलं तर फादर आणि पाळक दोघेही लग्नात उभे राहणार. सेक्रेटरी मी. (पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे. कागदाला नंबर पडला की तो हरवत नाही, हा माझा धर्म.)

मला धास्ती होती एकाच आज्ञेची. आमच्याकडे दुसरी आज्ञा म्हणजे कोरीव मूर्ती करू नको. आणि कार्यक्रम त्यांच्या चर्चमध्ये, जिथे वेदीच्या एका बाजूला मारियामाता उभी आणि दुसऱ्या बाजूला संत अंतोन! आमच्यातल्या कोणी तिथे मूर्तीवर तोंड उघडलं असतं तर लग्नाचं तिथेच आटोपलं असतं. मी डोकं लढवलं. विषम आकडे आम्हाला, सम आकडे त्यांना. दुसरी गेली त्यांच्या गळ्यात, त्यांचं ते बघतील. व्हॉट्सॲपवर यादी टाकली: पास्कूबाब सहा, करुणा पाच, मी सात.

करुणा म्हणजे आमच्या सौ. ती म्हणाली, "अहो, आकड्यापुढे आज्ञा तरी लिहा."

"दहा आज्ञा आहेत त्या. काय रोज बदलतात?" मी म्हणालो.

सातवी मी स्वतः घेतली, कारण ती व्यभिचाराची, आणि आमच्यातला कोणी हात लावायला तयार नव्हता.

त्या संध्याकाळी चर्च गच्च भरलं. मी कौतुकाने सावंतांनाही बोलावलं होतं. पहिली आज्ञा आमच्या पाळकसाहेबांनी छान सांगितली. दुसरीला त्यांच्या सिस्टर उठल्या. मी श्वास रोखला. सिस्टर बोलल्या ते देवाचं नाव उगाच घेऊ नये यावर. मूर्तीबद्दल चकार शब्द नाही! काय सफाईने टाळलं बाईंनी, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. तिसरीला आमच्या शाळेच्या बाई उठल्या आणि त्याही देवाच्या नावावरच बोलल्या. त्यांच्या बाकांवर जरा चुळबुळ झाली. चौथीला त्यांच्या गायनमंडळातल्या एक ताई आईबापांचा मान राखा म्हणाल्या, पाचवीला करुणाही तेच म्हणाली. लोकांना वाटलं, लग्नघर आहे, आईबापांवर भर असायचाच.

मग पास्कूबाब उठले. मी आरामात टेकून बसलो. सहावी म्हणजे खून. खुनावर कोणाला राग येणार?

पास्कूबाबांनी खाकरून घसा मोकळा केला. "व्यभिचार," ते म्हणाले.

मी टेकलेला सरळ झालो.

"आजकाल माणसं ड्युटी म्हणून घराबाहेर असतात. कोण कुठे, घरच्यांना पत्ता नसतो. आणि घरी आली की मोबाइलात तोंड घालून हसत बसतात."

तिसऱ्या बाकावर नयन नेमकी मोबाइलात तोंड घालून हसत होती. वसंत मागून कडाडला, "आमेन!"

आमचे बाक गोठले. सहावी खुनाची हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि ह्या गृहस्थांनी खून बाजूला ठेवून व्यभिचार काढला, तोही नर्स असलेल्या सुनेसमोर. करुणाचे डोळे बघून मला पास्कूबाबांची कीव आली.

पुढचा नंबर माझा. तेव्हा तरी विषय बदलायला हवा होता. पण हातात कागद होता, आणि आवक-जावकमधला माणूस कागदाबाहेर जात नाही.

"व्यभिचार," मी वाचलं. "माणूस महिनोन् महिने घरापासून लांब राहतो. आज या बंदरात, उद्या त्या बंदरात..."

(हे मी मुंबई आणि आखातातल्या चाकरमान्यांना धरून लिहिलं होतं. बंदरं घातली ती फक्त भाषा सजवायला.)

"आमेन, आमेन!" वसंत.

आता त्यांचे बाक गोठले. पास्कूबाब उभे राहिले. "व्याही, माझा पोरगा जहाजावर इंजिन बघतो. बंदरं बघत नाही."

"आधी कोणी काढलं?" मी म्हणालो. "माझी मुलगी पेशंटची सेवा करते."

"मी माझी सहावी बोललो. तुम्ही चोरी सोडून माझ्या पोरावर का घसरलात?"

"चोरी कुठली? आणि सहावी खून आहे!"

"खून पाचवा!"

"सहावा!"

खुनाचा नंबर ऐकून सावंत हळूच दाराजवळच्या बाकावर सरकले.

तेवढ्यात फादर वेदीवरून खाली आले, पाळकसाहेब पुढे गेले. दोघांनी आपापली पुस्तकं उघडून एकाच बाकावर ठेवली. इतक्या वर्षांत त्यांची डोकी इतकी जवळ कोणी पाहिली नव्हती.

"आमच्याकडे मूर्तीचं पहिल्या आज्ञेतच येतं," फादर म्हणाले. "म्हणून पुढचे सगळे आकडे एकाने मागे. शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या आम्ही दोन करतो, मग दहा भरतात."

पाळकसाहेबांनी बोटांवर मोजलं आणि मान डोलावली. नयन यादी बघत उभी राहिली.

"बाबा, तुमच्या यादीने देवाचं नाव दोनदा झालं, आईबाप दोनदा, व्यभिचार दोनदा. पुढे खोटी साक्षसुद्धा दोनदा होणार होती. खून आणि चोरी करू नका, असं कोणी सांगणारच नव्हतं."

म्हणजे रत्नागिरीतल्या दोन चर्चनी पहिल्यांदा एकत्र येऊन खून आणि चोरीला मोकळीक दिली होती. फादर हसायला लागले, मग पाळकसाहेब, मग सगळं चर्च. पास्कूबाब मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे आले.

"नुसता सहा आकडा पाठवलात?"

"हो."

"मी तीन दिवस पाठ करत होतो. बायको म्हणाली, हाच विषय तुम्हाला का दिला? दोन दिवस बोलत नाही ती माझ्याशी."

पोरीच्या सुखाचं वाटोळं करायला मी एकटा पुरलो असतो.

"चुकलो, पास्कूबाब. तुमच्या रॉनीबद्दल माझ्या मनात काही नाही. लाखात एक पोरगा आहे."

त्यांनी माझा हात दाबला. "नयनसुद्धा. लग्न होणार, व्याही. पण तुमचं कायतरी करायला हवं."

अंगणात कोकम सरबत फिरत असताना तिथेच बैठक बसली. दोघेही लग्नात उभे राहणार, असं फादर आणि पाळकसाहेबांनी जाहीर केलं. त्यानंतर फादरनी एक ठराव मांडला आणि पाळकसाहेबांनी अनुमोदन दिलं. दोन्ही चर्चचा हा पहिला संयुक्त ठराव: लग्नात वधूपित्याने माइकला हात लावू नये. माझा अर्थातच विरोध होता. पण मी बोलायला उठू नये म्हणून करुणाने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. तिने हात वर केला, त्याबरोबर माझाही वर गेला आणि ठराव एकमताने मंजूर झाला.