तीन चिंचोके

अल्का मॅडमना गप्प बसणं कधी जमलंच नाही. बारा वर्षांच्या नोकरीत पोरांना जेवढं वाचून दाखवलं, त्याच्या दुप्पट त्यांनी समजावून सांगितलं. चिचगडजवळच्या शाळेत सातवीचं वाचन मंडळ सुरू केलं, तेव्हा स्वतःच्याच तोंडाला आवर घालायला त्यांनी युक्ती काढली. दर शनिवारी गोष्ट वाचून झाली की गोल बसायचं, प्रत्येकाला तीन चिंचोके. बोलायचं तर एक मधल्या ताटात टाकायचा. तिन्ही सरले की तोंडाला कुलूप, मॅडमच्यासुद्धा. नियम मोडला तर मंडळ बंद, हेही त्यांनीच मोठ्या तोऱ्यात जाहीर केलेलं.

मॅडमचे चिंचोके पहिल्या पाच मिनिटांत संपायचे, तो भाग वेगळा.

त्या शनिवारीही ते संपले होते, आणि नेमके तेव्हाच भैयाजी दारात येऊन उभे राहिले. शाळा समितीचे अध्यक्ष, आणि गोलात बसलेल्या रिंकूचे वडील. मागच्या शनिवारची गोष्ट आमराईच्या वाटणीची होती. भावांना झाडं, बहिणीला टोपलीभर आंबे. ती वाचून रिंकूनं घरी विचारलं होतं, आत्याले वावरात हिस्सा काऊन नाही?

"मॅडम, तुमी पोरीले शिकवून राहिल्या का माहं घर फोडून राहिल्या?" भैयाजी म्हणाले. "आजपासून हे मंडळ बंद. बोला, काय म्हणणं आहे तुमचं?"

मॅडमच्या ओठांवर दहा उत्तरं आली. ताटाकडे पाहून त्यांनी ती गिळली. चौदा पोरं त्यांच्याकडे टक लावून होती. बोलावं तर नियम मोडतो, न बोलावं तर हा माणूस मंडळ मोडतो. असला नियम करायची बुद्धी झालीच कशी, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

"आता मूग गिळून काऊन बसल्या?"

रिंकू उठली. तिचे तिन्ही चिंचोके शिल्लक होते. बापापुढे ती मान वर करत नसे, आजही केली नाही. एक चिंचोका तिनं त्यांच्या हातावर ठेवला.

"बाबा, मॅडमचे सरले. तुमच्याजवळ तं नाहीच. हा टाका, मंग बोला."

आता याचा हात उठतो, असं वाटून मॅडम अर्ध्या उठल्याही. भैयाजींनी पोरांकडे पाहिलं, आणि चिंचोका ताटात टाकला.

"तुह्या आत्यानं राजीखुशीनं हक्कसोडीवर सही देल्ली."

रिंकूनं दुसरा टाकला. "तुमी विचारलं होतं का तिले?"

भैयाजींच्या हातात आता काही नव्हतं. रिंकूनं तिसरा पुढे केला. "हा आत्याचा." तो मुठीत घेऊन ते तसेच निघून गेले.

आठवडाभर देवरीहून बसनं शाळेत पोचल्या की मॅडम आधी टपाल बघायच्या. मंडळ बंदचा कागद काही आला नाही. शनिवारी ताट मांडलं, तेव्हा दारात पन्नाशीची एक बाई दिसली. "आत्या," रिंकू पुटपुटली.

रुख्माबाईनं मूठ उघडली.

"भावानं देल्ला. म्हणे, शाळेत चाल, सारं बोल, मी आयकतो. भायेर उभा आहे तो." ती गोलात बसली. "मास्तरीणबाई, तीस वर्साचं एवढ्या एकात कसं सांगू?"

अल्का मॅडमनी आपले तिन्ही चिंचोके तिच्यापुढे सारले, आणि आपणहून गप्प बसल्या.