दोन सूत कमी

दोन सूत म्हणजे दोन दोरे, असं समजून मी बहरीनमध्ये एक अख्खी होडी फुगवली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सित्रातल्या होड्यांच्या वर्कशॉपमध्ये कंप्यूटरवर डिझाइन करणारी मी एकटीच. बॉबकट केलेला, नाक छताला लागलेलं.

जुन्या होडीसारखीच एक नवी करायची होती. रत्नागिरीकडच्या म्हाताऱ्या सुतारांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी जुनीची मापं बाहेरून घेतली, कागद माझ्या हातात दिला नि म्हणाले, "पोरी, फासळ्या काढताना दर मापात दोन सूत कमी धर. वरून फळी बसायची हाय."

मला हसूच आलं. दोन दोऱ्यांची जाडी ती काय, आणि ती मी कंप्यूटरला सांगू? मापं होती तशी घातली. पडद्यावर होडीचं पोट इतकं गुळगुळीत वळलं की दिवसभर माउसने तिला उलटीसुलटी फिरवत बसले. चहा घेऊन आलेल्यालाही थांबवून दाखवली.

माझ्या ड्रॉइंगवरून फासळ्या कापून उभ्या केल्या. चाचांनी जुन्या होडीवरून कापलेल्या फळ्या त्यांवर चढवल्या, तर खाली कण्याशी फट. दोन्ही बाजूंना, बोट जाईल एवढी.

"दोन सूत धरलेलास ना?" चाचांनी विचारलं.

"धरलेत की!" मी ठणकावलं. आणि साहेबांकडे वळून, "सर, चाचांनी फळ्या शॉर्ट कापल्या."

साहेबांनी एकदा पडद्यावरच्या होडीकडे पाहिलं, एकदा चाचांच्या चष्म्याकडे. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. चाचांनी फळ्या नव्याने कापायच्या, लीव्ह कॅन्सल. दोन वर्षांनी ईदला घरी निघालेला माणूस, बॅगसुद्धा बांधून तयार. चाचांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हती.

ईद होऊन गेली. मग एकदा पडदे लावायला सळई हवी म्हणून बाब अल बहरीनच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "दो सूत की दूँ, या तीन?"

"सूत मतलब?"

"एक इंच में आठ, मॅडम."

दोन सूत म्हणजे पाव इंच. बरोब्बर फळीची जाडी! सळई न घेताच मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले, "खलास, बोट तो बन गया!" रागावले असते तर बरं झालं असतं. मग वर्कशॉपमध्ये गेले. चाचा रंधा मारत होते.

"चाचा, सूत म्हणजे मला दोरा वाटला हो. मी धरलंच नव्हतं काही."

रंधा थांबला. चाचांनी चष्मा वर सरकवून मला नीट न्याहाळलं.

"जानूनबुजून माझा नाव घेतलास, असा मला वाटलेला. तू तर नुसती अडाणी निघालीस, पोरी! शुकर अल्लाचा."