मिठाला काय म्हणतात

देवराम बेंडकोळी इगतपुरी स्टेशनबाहेर रिक्षा चालवायचा. रिक्षा घोटीच्या जमीलभाईंची. नव्वदच्या दशकात मी इगतपुरीला टपाल खात्यात नोकरीला होतो आणि नाशिकहून येणाऱ्या गाडीतून उतरलो की बहुधा त्याच्याच रिक्षात बसायचो. त्यामुळे ही हकीकत थोडी मी पाहिलेली, थोडी त्याने सांगितलेली आणि बरीचशी त्याच्या बायकोने, आशाने, मधूनमधून दुरुस्त केलेली आहे.

देवराम आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकला. इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि गायीवरच्या चार ओळींपाशी थांबलं. पुढे भाताची चार खाचरं आणि कापणी झाली की पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागांत मजुरी, असं त्याचं वर्ष जायचं. जमीलभाईंच्या गॅरेजात हाताखाली काम करता करता तो रिक्षा चालवायला शिकला. मग मजुरीला जाणं बंद झालं.

इगतपुरीला डोंगराच्या पायथ्याशी ध्यानाचं मोठं केंद्र आहे. जगभरातून माणसं येतात, दहा दिवस एक शब्द न बोलता बसतात आणि अकराव्या दिवशी स्टेशनकडे निघतात. मौन नुकतंच सुटलेलं असतं आणि समोर पहिला माणूस भेटतो तो रिक्षावाला. येताना गप्प असलेली ही माणसं जाताना देवरामच्या पाठीमागे बसून धो धो बोलायची. त्याला समजो न समजो, त्यांना त्याचं काही नसायचं.

एके दिवशी एक उंच बाई बसली. निम्म्या रस्त्यात तिच्या डोळ्यांना धार लागली, त्यातच ती हसतही होती आणि एकच म्हणत होती, "आय ॲम ओव्हरव्हेल्म्ड."

देवरामला वाटलं, हिचं काहीतरी हरवलं. त्याने रिक्षा कडेला घेतली, पिशव्या दाखवल्या. बाईने मान हलवली आणि छातीवर हात ठेवून तोच शब्द पुन्हा म्हटला. छातीवर हात पाहिल्यावर देवरामने पुढचं काही ऐकलंच नाही. रिक्षा वळवली ती थेट सरकारी दवाखान्याच्या दारात. आपल्याला कुठे आणलंय हे कळल्यावर बाई इतकी हसली की दारातली माणसं गोळा झाली.

संध्याकाळी रिक्षा लावायला गेला तेव्हा त्याने जमीलभाईंना तो शब्द विचारला. जमीलभाई स्पार्क प्लग पुसत होते. थोडा विचार करून म्हणाले, "सोपं आहे. ओव्हर म्हणजे संपलं. वेल म्हणजे बरं. बरं वाटायचं संपलं तिचं."

"अब्बा, काहीही सांगू नका," आतून त्यांची मुलगी म्हणाली. मेहविश तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. चहाचे कप घेऊन ती बाहेर आली. "चाचा, आपल्याला भरून येतं ना? तसं. सुखानं येतं, दुःखानं पण येतं. कामं अंगावर कोसळली तरी म्हणतात."

"ऊर भरून येतो, तसं?"

"हां, तसंच."

देवरामने चहा घेता घेता तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. रडणं आणि हसणं एकाच शब्दात मावतं याचं त्याला फार नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी मी रिक्षात बसल्या बसल्या त्याने मलाच विचारलं, "साहेब, कधी ओव्हरव्हेल्म्ड झालात का?"

तिथून त्याला नाद लागला. ध्यानातून सुटलेल्या माणसाला तो विचारायचा, "हाऊ फीलिंग?" आणि मागच्या सीटवरून शब्द यायचे. रिलीव्ह्ड. ग्रेटफुल. रेस्टलेस. होमसिक. डिसअपॉइंटेड. तो शब्द स्टेशन येईपर्यंत पुटपुटत राहायचा आणि संध्याकाळी मेहविशपुढे ठेवायचा.

मेहविशने त्याला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली अशी की नुसता अर्थ विचारायचा नाही. "शब्द एकटा राहत नाही, चाचा. त्याच्या शेजारी कोण बसतं ते बघा." दुसरी अशी की नवा शब्द तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलून बघायचा. "तिघंही हसली नाहीत, तर शब्द तुमचा."

एका पावसाळ्यात त्याने "बिग रेन" म्हणून पाहिलं. पहिलाच उतारू हसला आणि म्हणाला, हेवी रेन. चहा मात्र हेवी नाही, चहा स्ट्राँग. देवरामला हे कोडंच पडलं. "पाऊस जड आणि चहा ताकदवान, हे ठरवलं कुणी?" त्याने मला विचारलं. मी काय सांगणार? टपाल खात्यात इतकी वर्षं इंग्रजीत लिहून माझ्या कधी ते मनातही आलं नव्हतं.

आणखी एकदा मेहविशच्या डिक्शनरीत क्वाएट, काम, स्टिल, पीसफुल, सायलेंट या सगळ्यांपुढे आधी 'शांत' असंच लिहिलेलं निघालं. एका शब्दाचं काम पाच जणांना का दिलं, हे तो विचारत सुटला. मग आम्हीच स्टेशनसमोर उभं राहून मराठीतले काढायला लागलो. गप्प, निवांत, सामसूम, चिडीचूप. देवराम म्हणाला, "पोरगं गप्प बसतं. रान सामसूम होतं. पोरगं सामसूम बसलं असं नाय म्हणत कोणी." आणि एकदम खूश झाला. "म्हणजे आपल्यात बी शेजारी हायेत की!"

स्टेशनवर त्याचं नाव झालं. हमाल, तिकीट तपासनीस, वडेवाले, सगळे म्हणायचे, देवरामला इंग्रजी येतं. तोही नाही म्हणायचा नाही.

मग एका जुलैत घाटात दरड आली आणि गाड्या थांबल्या. डोरीन नावाची न्यूझीलंडची एक म्हातारी बाई ध्यान संपवून निघाली होती. तिला नाशिकला जायचं होतं, म्हणून देवराम तिला हायवेवर बस मिळेल या आशेने घोटीला घेऊन आला. पण गाडीची सगळी माणसं तिथेच जमली होती. एस.टी. थांबायलाच तयार नव्हती, लॉज भरलेले. बाईचा गुडघा सुजलेला, वरून पाऊस. देवरामने हातवारे करून विचारलं, माझ्या घरी येता का? ती हो म्हणाली. वैतरणेच्या रस्त्यावर त्याची वाडी होती. तिथे तो तिला घेऊन गेला.

आशाने बाईला कोरडं लुगडं दिलं, चुलीजवळ बसवलं, नागलीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण वाढलं. बाईने पहिला घास घेतला. आशा नवऱ्याला म्हणाली, "कालवणात मीठ बराबर हाय का, इचारा तिला."

देवरामने उगाच चुलीत एक काटकी सारली.

"इचारा ना."

"इचारतो. थांब जरा."

मिठाला काय म्हणतात ते त्याला येत नव्हतं. तिखटाला काय म्हणतात ते येत नव्हतं. कालवण, घास, पोट, काहीच नाही. शेवटी त्याच्याकडे होतं त्यातलं जवळचं काढून त्याने विचारलं, "आर यू डिसअपॉइंटेड?"

डोरीनबाई घाबरलीच. "नो, नो! आय ॲम व्हेरी ग्रेटफुल!"

"काय म्हणली?" आशाने विचारलं.

"आभारी हाय म्हणते."

"अन् मिठाचं?"

आशाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. "सारं ठेसन म्हणतं तुमाला इंग्रजी येतं." मग उठून तिने मिठाच्या मडक्यातून चिमूटभर मीठ घेतलं, तळहातावर ठेवलं आणि बाईपुढे धरलं. भुवया वर करून विचारलं, पाहिजे?

"सॉल्ट!" बाई म्हणाली. "नो, इट्स फाइन." आणि बोटांनी छान असल्याची खूण केली.

"सॉल्ट," आशा म्हणाली. एकदाच ऐकून तिच्या जिभेवर बसला तो शब्द.

देवराम मला नंतर म्हणाला, "साहेब, लय लाज वाटली. माणसाच्या मनातलं सारं सांगता येतंय मला, अन् त्याच्या ताटातलं काय बी नाय."

सकाळीही पाऊस होताच. देवराम उठला तर बाई अंथरुणावर नाही. ती गोठ्यात होती. घरी न्यूझीलंडला तिचं दूधदुभत्याचं शेत होतं आणि सारा जन्म तिचा गायींत गेला होता. देवरामच्या तांबड्या गायीचा खूर उचलून ती बघत होती आणि आशा शेजारी उभी राहून कौतुकाने पाहत होती. देवरामला गायीवरच्या चार ओळी आठवल्या. पण 'गाय उपयुक्त प्राणी आहे' हे या बाईला सांगण्यात काही अर्थ नव्हता. त्याने खुरावर बोट ठेवून विचारलं, "धिस?"

"हूफ."

मग शिंग झालं, कास झाली, वासरू झालं. गाय रवंथ करत होती तिकडे आशानेच बोट दाखवलं. "कड," बाई म्हणाली, "शी इज च्यूइंग द कड." रवंथालाही इंग्रजीत शब्द असेल असं देवरामला वाटलंच नव्हतं. आता त्याला राहवेना, इतकं विचारावंसं वाटू लागलं. तिघं घरभर फिरली. बाई लंगडत पुढे, हे दोघे मागे.

सुपापाशी जरा घोटाळा झाला. आशा म्हणाली, "सूप," आणि बाई आत वाकून प्यायला काय आहे ते शोधू लागली. तिने वाटीने पिण्याची खूण केल्यावर देवरामच्या लक्षात आलं. त्याने आशाला पाखडून दाखवायला सांगितलं. मग बाईने पाखडण्याचा शब्द दिला, विनो. तो म्हणायला आशाला ओठांचा फार चंबू करावा लागला.

दारामागे इरलं लटकवलेलं होतं. बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, पावसात भाताची आवणी करताना पाठीवर घ्यायचं. बाईने ते डोक्यावरून घेतलं, आरशात पाहावं तसं आशाकडे पाहिलं आणि अडली. "रेनकोट?" ती म्हणाली.

देवराम म्हणाला, नो. रेनकोटात हात घालतात.

"अम्ब्रेला?"

नो. छत्री हातात धरावी लागते. हे घातलं की दोन्ही हात मोकळे, वाकून रोपं लावता येतात. एवढं सगळं त्याने निम्मं इंग्रजीत आणि निम्मं वाकून सांगितलं.

बाईने विचार केला. "देन इट इज ॲन इरलं," ती म्हणाली.

इंग्रजीकडेही एखादा शब्द नसतो, हे देवरामला तोवर माहीत नव्हतं. ही गोष्ट त्याने मला किती वेळा सांगितली असेल! त्यात इंग्रजीला कमी लेखायचा भाव मुळीच नव्हता. ओळखीच्या घरात आपल्याला न दिसलेली खोली सापडावी, तसा त्याचा चेहरा व्हायचा.

गाड्या सुरू झाल्या, डोरीनबाई गेली. देवरामची विचारण्याची रीत मात्र बदलली. आता तो उतारूच्या अंगावरची, हातातली वस्तू दाखवून विचारायचा. पट्ट्याचं बक्कल, बुटाची नाडी, दोरीची गाठ, कोपरावरचं खरचटलेलं. बसणाऱ्यांना गंमत वाटायची. एक जर्मन मुलगा तर म्हणाला, हा शब्द मलाही येत नाही, आपण पुढच्या रिक्षातल्याला विचारू. दोघांनी भर रस्त्यात ती रिक्षा थांबवून विचारलं.

घरी आशा वाट बघत असायची. बाजारातून भाजी काय आणली असं विचारावं तसं विचारायची, "आज काय आणलं?" तिला लांबलचक शब्द नको असत. "जिभेवर बसंल असा द्या." वासराला ती 'काफ' म्हणू लागली आणि शेजारच्या सखुबाई तिला विचारू लागल्या की वासराला खोकला झाला का.

पुढे देवराम कुणाकुणाला वाडीवर भात बघायला आणायचा. त्यांच्याशी आशाच जास्त बोलायची. "सिट. हॉट, हॉट. स्लोली." एवढ्यावर तिचं सगळं चालायचं. देवराम भातावर काहीतरी मोठं वाक्य रचत असायचा तोवर जेवणं होऊन गेलेली असायची. भाताला सॉफ्ट म्हणायचं की स्टिकी, यावर दोघांचं पाहुण्यांसमोरच वाजायचं.

मेहविश शिकून घोटीच्या एका शाळेत शिक्षिका झाली. २००४ च्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिने देवरामला वर्गात बोलावलं. मुलांना विचारायची सवय लागावी, एवढाच हेतू. देवराम पांढरा शर्ट घालून गेला. मुलांनी आंब्याची कोय, चिखल, उचकी असं बरंच विचारलं. काही त्याला आलं, काही नाही. मागच्या बाकावरची सरिता नावाची मुलगी उठली. तिच्या गावाकडे त्या दिवसांत झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखत असत.

"काजव्याला काय म्हणत्यात?"

"पुस्तकात ग्लो-वर्म आहे," मेहविश म्हणाली.

देवरामला एका ऑस्ट्रेलियाच्या बाईने दुसरंच सांगितलं होतं. "मला वाटतं, फायरफ्लाय. पण नक्की ठाऊक नाय. इचारून सांगतो."

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, आणि आणखी गोंधळ घेऊन आला. एका अमेरिकन उतारूने सांगितलं होतं, लाइटनिंग बग. म्हणजे विजेचा किडा. वर्ग हसला. मेहविशने तिन्ही शब्द फळ्यावर लिहिले.

"मंग खरं कोणतं?" सरिताने विचारलं.

"फायरफ्लाय अन् लाइटनिंग बग एकाच किड्याची नावं हायेत. मुलूख बदलला की नाव बदलतं," देवराम म्हणाला. "ग्लो-वर्मचं वेगळं. त्याच्यातल्या मादीला पंख नसतात म्हणं, ती गवतात बसून उजेड करती. आपले उडतात ना?"

"उडत्यात. अन् झाडावर बसत्यात बी. सारं झाड एकदम उजळतं, मंग एकदम इझतं, पुन्यांदा उजळतं." तिने मूठ उघडून मिटून दाखवली. "त्या झाडाला काय म्हणत्यात?"

देवरामने फळ्याकडे पाहिलं, मग मेहविशकडे. तिनेही नकारार्थी मान हलवली.

"हे मातर मी कोणाला इचारलंच नाय," तो म्हणाला, आणि घड्याळात बघून घाईने उठला. दुपारच्या गाडीची वेळ झाली होती.