डावे दात, दाएँ दात

रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात. आमच्या बाबांनी झाडं कापायची चेनसॉ घेतली, आणि तिच्या साखळीला धार लावायला ग्राइंडर. निमित्त आईच्या स्वयंपाकघराचं. दुर्गजवळच्या वैशाली नगरातल्या आमच्या घरामागच्या सिरसाच्या झाडाची वाळकी फांदी नेमकी त्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर झुकली होती, आणि ती आपल्या डोक्यात पडणार याची आईला खात्री होती.

"माणूस लावून तोडून घ्या," ती म्हणायची. स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये जन्म घालवलेल्या बाबांना हा सरळसरळ अपमान वाटे.

ग्राइंडर बसवताना त्यांनी टेबल लेव्हलमध्ये घेतलं, चाक किती खाली यावं याचा स्क्रू पिळपिळून जुळवला. "चाक दाताले टेकलं पायजे, दात खाल्ला नाही पायजे." साखळीचे दात एकाआड एक डावे-उजवे. साखळी धरणारा शिकंजा तीस अंश एकीकडे फिरवून त्या बाजूचे सगळे घासायचे, मग तो दुसरीकडे फिरवून उरलेले.

"बाई, तू डावे घासून ठेव," बाबा मला म्हणाले. " मी चहा पिऊन येतो."

माझं शिक्षण हिंदीत, नोकरी हिंदीत; मराठी फक्त घरी, तीही जेवणापुरती. त्या घरघराटात मला 'दाएँ' ऐकू आलं. मी मन लावून उजवे घासले. बाबा आले. शिकंजा उजवीकडेच वळलेला पाहून त्यांना वाटलं, पोरीनं डावे संपवून पुढची तयारी करून ठेवली. मला शाबासकी देऊन, चष्मा न लावता, त्यांनी पुन्हा उजवेच घासले.

चेनसॉ फांदीत शिरली ती सरळ जाईना. एका अंगाला वळत वळत मध्येच अडकून बसली. आता पत्र्यावर फांदीही लटकत होती आणि चेनसॉही. आई आत गेली. बाबांचं प्लांटचं पिवळं हेल्मेट घालून पोळ्या लाटायला बसली.

"कावून घातलं ते?" बाबांनी विचारलं.

"आतापर्यंत मी देवाच्या भरवशावर होती. आता तुमच्या भरवशावर आहो."

हे बाबांना फार लागलं. त्यांनी दोर बांधून चेनसॉ खाली काढली, चष्मा लावला, आणि बोथट डावे दात पाहून माझ्याशी भांडायला लागले. मी 'दाएँ' म्हणत राहिले, ते 'डावे'.

शेवटी आतूनच आईचा आवाज आला. "एका बाजूले प्लांट म्हणा, दुसरीले रेल्वे." प्लांट म्हणजे बाबा, रेल्वे म्हणजे तिचं माहेर, डोंगरगडपासून दुर्गपर्यंत सगळे लाईनीवर नोकरीला.

बाबांनी ग्राइंडरवर लाल पेंटनं दोन्ही नावं लिहिली: उजवीकडे प्लांट, डावीकडे रेल्वे. रेल्वेचे दात प्लांटच्या दातांइतके होईपर्यंत आम्ही घासले. मग फांदी सरळ कापली गेली आणि दोरानं अलगद अंगणात उतरली.

आईनं बाहेर येऊन काप नीट पाहिला. मग हेल्मेट काढलं.

"दोघंही बराबर घासले तं सरळ चालते," ती म्हणाली. "हे मले लग्नात सांगाले पायजे होतं कोणी."

त्या दिवशी जेवण झाल्यावर बाबांनी आपलं ताट आपणच धुतलं. मग परत आत येऊन आईचंही नेलं.