एकोणीसचा चुकलेला पाढा

आधीच सांगते, तीस वर्षं अकोल्यात शाळेत गणित शिकवलं. भूत, भानामती, बाहेरची बाधा यातलं मला काही पटत नाही. वर्गात कुणी मुलीने "मॅडम, आमच्या गावात एक झाड आहे..." म्हटलं, की मी तिला फळ्यापाशी बोलावून गणित घालायची. त्यामुळे हा अनुभव लिहावा की नाही, यातच वर्ष गेलं.

दुसरं म्हणजे, मी बोटीवर राहते. सहलीला जाते असं नाही — राहते. माझे मिस्टर अमरावतीचे, जहाजावर इंजिनीअर होते. जन्मभर लोकांची जहाजं चालवली आणि रिटायर झाल्यावर गोव्यात एक जुनी, तीस फुटी शिडाची बोट विकत घेतली. नाव ठेवलं 'पूर्णा'. आपल्याकडची नदी, म्हणून. मी आयुष्यात धरणाशिवाय मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं, पण शिकले. शीड चढवणं, नांगर टाकणं, ढगांकडे बघून वारा ओळखणं... पाच हंगाम आम्ही दोघं गोवा ते रत्नागिरी करत राहिलो. पावसाळ्यात बोट काठावर ओढायची, अमरावतीत भाड्याच्या खोलीत चार महिने काढायचे, दसरा झाला की परत पाण्यावर. मूलबाळ नाही. अडवणारं कुणी नव्हतं.

हे गेले त्याला आता साडेचार वर्षं झाली.

तेराव्याला माझा धाकटा भाऊ वसंता तिवस्याहून आला होता. तिथे त्याची शेती आहे — संत्रा, कापूस, तूर. सगळे बसलेले असताना तो म्हणाला, "ताई, ते बोट इकून टाक अन् घरी चाल. बाईमानसानं एकटं पान्यावर काय राहाचं?"

तो मायेनेच म्हणाला होता. पण मला त्या दिवशी माया नको होती. मी म्हटलं, "तुह्या बायकोच्या हातची भाकर मोजून खाण्यापरीस पान्यात मेलेली बरी."

त्याची बायको शोभा दारातच उभी होती. हातात चहाचा ट्रे होता.

वसंता उठला, चप्पल घातली आणि गेला. त्यानंतर ना फोन, ना दिवाळी, ना राखी. मी बोटीवर परतले, पावसाळ्यातही गोव्यातच खोली घेऊन राहू लागले. एकट्या माणसाला बोटीवर कामं इतकी असतात की दिवस निघून जातो. मात्र संध्याकाळी दोन माणसांचा चहा टाकला जायचा. मग दुसरा कप मीच प्यायची, गार झाल्यावर.

घडलं ते मागच्या जानेवारीत, भरदिवसा. देवगडच्या दक्षिणेला एक लहानशी खाडी आहे. तोंडाशी काळा खडक, होड्यांना खूण म्हणून त्याला पांढरा चुना फासलेला. तिथे मी दोन दिवस नांगर टाकून होते. पलीकडच्या गावात जत्रा, त्यामुळे एकही होडी पाण्यात नव्हती. सकाळी अकराच्या सुमाराला निघायचं म्हणून मी नांगर ओढायला घेतला. बोटीच्या पुढच्या टोकाला एक लोखंडी चाक असतं, त्यावरून नांगराची साखळी खाली जाते. साखळी हाताने ओढत होते. एक मोठी लाट आली, बोट उचलली गेली, साखळी सटकन मागे खेचली गेली... आणि माझा उजवा हात साखळी आणि चाकाच्या मध्ये अडकला.

दुखण्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की नांगर तळाशी घट्ट रुतलेला, वारा बोटीला मागे ढकलतोय, आणि बोटीचं सगळं वजन माझ्या दोन बोटांवर. साखळी सैल झाल्याशिवाय हात सुटणार नव्हता. आणि बोट थोडी पुढे गेल्याशिवाय साखळी सैल होणार नव्हती. इंजिनची किल्ली मागे, वायरलेस केबिनमध्ये, फोनही केबिनमध्ये. आठ पावलांवर!

आधी ओरडले. मग समजलं की ऐकायला कुणी नाही. ऊन चढलं. दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. बेशुद्ध पडले तर हात तुटेल किंवा मी पाण्यात लोंबकळेन, म्हणून जागं राहण्यासाठी मोठ्याने बोलायला लागले. बोलले ते आपल्या भाषेत. साडेतीन वर्षांत वऱ्हाडी माझ्या तोंडून निघाली नव्हती — निघणार कुणाशी? त्या दिवशी आपोआप आली. "वसंता, हात अटकला रे. साखळीत अटकला. सुटून नाई राह्यला." तो खडक, तो चुना, ती जत्रा... जे दिसेल ते त्याला सांगत सुटले. मग पाढे म्हटले. सतराचा, अठराचा, एकोणीसचा. आणि शेवटी, रडत, आणखी एक वाक्य म्हटलं. ते पुढे सांगते.

थोड्या वेळाने केबिनमध्ये फोन वाजला. पूर्ण वाजून बंद झाला. परत वाजला. परत बंद. आयुष्यात इतकं एकटं मला कधीच वाटलं नाही, हे गेले त्या दिवशीसुद्धा नाही. कुणीतरी बोलावतंय आणि आपल्याला आठ पावलं जाता येत नाही.

तीनच्या सुमाराला इंजिनाचा आवाज आला. होडीत दाजी होते, सोबत दोन माणसं. दाजी म्हणजे बारा किलोमीटरवरच्या जेटीवरचे म्हातारे कोळी, माझ्या बोटीवर लक्ष ठेवतात. त्यांनी होडी मागे लावून माझी बोट पुढे रेटली, साखळी ढिली पडली, हात सुटला. मला पाणी पाजत दाजी म्हणाले, "बाये, तुझ्या भावाचो फोन इलो. चुनो लावलेल्या खडकाकडे तुझो हात अडाकलो म्हणान सांगल्यान."

मला वाटलं, मी भ्रमात ऐकतेय. हॉस्पिटलमध्ये हातावर टाके घालून झाल्यावर फोन बघितला. दोन मिस्ड कॉल. वसंता. वेळ बारा चाळीस.

मी त्याला फोन केला. "कसी आहेस?" त्याने विचारलं. बरी आहे म्हटलं. "बरं," म्हणाला, आणि फोन ठेवला.

महिन्याभराने हात गळ्यात बांधून बडनेऱ्याला उतरले आणि तिथून तिवस्याला गेले. वसंता मला सरळ शेतातल्या विहिरीपाशी घेऊन गेला. काळ्या दगडात बांधलेली, आत उतरायला पायऱ्या.

"लाइन गेली होती," तो म्हणाला. "मोटर बंद. मी इथंसा बसेल होतो. तं आतून तुहा आवाज आला. मले वाटलं, तू न सांगता आली अन् पडली हिरीत. मी उतरलो ना खाली, पार पान्यापर्यंत."

"मंग?"

"कोनी नाई. पन आवाज चालूच. मी ताई-ताई करून बोंबलून राह्यलो, तुले काई ऐकूच येत नोयतं."

त्याने मला माझीच वाक्यं ऐकवली. साखळी, खडक, चुना, जत्रा. आधी माझा फोन लावून पाहिला आणि उचलला नाही तेव्हा दाजींना लावला. माझ्या मिस्टरांनी कधीतरी दाजींच्या फोनवरून त्याला कॉल केला होता, तो नंबर त्याने ठेवला होता. त्याचं ओरडणं ऐकून शोभा विहिरीपाशी आली होती. तिला विहिरीतून काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी गणिताची बाई. म्हटलं, जत्रेचं दाजी बोलले असतील, खडकाचं यांनी कधी सांगितलं असेल. तेवढ्यात वसंता हसला. "अन् ताई, तू पाढा चुकली. एकोणीस सत्ते एकशे त्रेचाळीस मने."

चुकले होते मी. त्याच ठिकाणी. चुकल्याचं तेव्हाच लक्षात आलं होतं, पण दुरुस्त करायची ताकद नव्हती. हे मी दाजींना सांगितलेलं नव्हतं, डॉक्टरांना नाही, कुणालाच नाही.

"पाढ्याच्या नंतर?" मी विचारलं. "त्याच्या पुढं काय ऐकलं?"

तो विहिरीत बघत राहिला. "त्याच्या पुढं काई नाई. लाइन आली, मोटर सुरू झाली."

पाढ्यानंतर मी म्हटलं होतं, "वसंता, मले घरी घेऊन चाल रे." त्याने ते ऐकलं नसेल तर बरंच झालं, असं मला वाटलं. आणि वाईटही वाटलं.

आठ दिवस राहिले. शोभाने एकदाही जुनं काढलं नाही. भाकरी मात्र माझ्या ताटात न विचारता वाढायची. निघायच्या दिवशी तिच्याकडे माफी मागायला गेले, तर ती म्हणाली, "जाऊ द्या ना वं ताई," आणि मला समोरच्या खोलीत घेऊन गेली. जानेवारी-फेब्रुवारीत ती खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असते. ती रिकामी होती. भिंतींना नवा रंग, खिडकीला जाळी, एक पलंग.

"त्या दिवशी त्या दाजीले फोन केला ना, तवाच मानसं लावून कापूस बाहीर काढला यायनं," शोभा म्हणाली. "मी इचारलं, काहून? भाव वाढाची वाट पाहून राह्यलो होतो ना आपन? तं मने, ताई घरी याचं मनून राह्यली."

मी वसंताला काही विचारलं नाही. बसस्टँडवर त्याने बॅग वर ठेवली, खिडकीशी उभा राहिला, आणि बस हलल्यावर हात केला.

मी परत 'पूर्णा'वर आहे. दोन बोटं वाकत नाहीत, पण शीड चढवता येतं. समुद्र ते तिवसा, आठशे किलोमीटरहून जास्त. आवाज तिथपर्यंत कसा पोचला, विहिरीतच का, आणि शोभाला का ऐकू आला नाही — मला खरंच माहीत नाही. कितीतरी दुपारी मी पुढच्या टोकाशी बसून मोठ्याने बोलून पाहिलं. रात्री फोनवर वसंताला विचारते, आज काही ऐकू आलं का? तो म्हणतो, नाई.

यंदा कापूस त्यांनी बाहेर ताडपत्रीखाली ठेवलाय, असं शोभा सांगत होती.