हलगी शेकू दिली नाही

“हा नुसता ठोका. यात सूर शोधू नका,” व्याख्याते म्हणाले आणि सभागृहातले दीडशे लोक हसले. दाराशी, जाजमाच्या बाहेर, माझे सख्खे चुलते, तात्या, हलगी धरून उभे होते. हसणाऱ्यांत मीही होतो.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी भवानी पेठेत चादरीच्या कारखान्यात कारकून होतो. दिवसभर चादरी मोजायचो. एका संगीत मंडळाने भारतीय संगीताची ओळख करून देणारी व्याख्यानं ठेवली होती, आठ रविवार, सकाळी. मी एकही चुकवलं नाही. धृपद, ख्याल, ठुमरी, कव्वाली, कर्नाटकी कृती, बंगालचं बाऊल, सिनेमातलं गाणं. देशात इतक्या तऱ्हांनी गातात हे मला तोवर माहीत नव्हतं. वहीत मात्रा मांडायचो. कुणी आडनाव विचारलं की विषय बदलायचो. मी मांगवाड्यातला आहे हे कळलं तर पुढचा रविवार नाही, एवढा हिशेब मला येत होता.

आठव्या रविवारी लोकवाद्यं. दोन दिवस पाऊस लागलेला. तबलजी गादीवर बसले. तात्यांना दाराशी उभं केलं.

“साहेब, कातडं सर्दाळलंय. जरा जाळ करू द्या की. शेकल्याबिगर बोलत न्हाय ती,” तात्या म्हणाले.

“इथे जाळ? वाजव तशीच,” मंडळाचे चिटणीस म्हणाले. तात्या साठीचे, चिटणीस चाळिशीचे.

तात्यांनी वाजवली. थप्प. थप्प. मग तो शेरा. मग ते हसू.

तात्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी ओळखलं. ओळख दाखवली नाही. मला वाचवायला मान फिरवली.

हलगी शेकावी लागते हे त्या दीडशे लोकांत मलाच पक्कं माहीत होतं. आणि मी गप्प होतो. हसलोही होतो.

मी उठलो. टेबलावरच्या कार्यक्रमपत्रिका उचलल्या आणि बाहेर पायरीवर, छपराखाली पेटवल्या.

“तात्या, आणा हिकडं.”

“आरं, तुझं काय हुईल हितं?”

“व्हायचं ते हुंद्या.”

दोन मिनिटं शेकली. मग अशी कडाडली की पुढच्या रांगेतल्या बाईंनी कानांवर हात ठेवले. मी मोठ्याने मोजत होतो. आठ मात्रा. पुन्हा आठ. प्रत्येक वेळी अचूक समेवर.

“तुम्ही यांचे कोण?” चिटणिसांनी विचारलं.

“पुतण्या.” आणि पहिल्यांदाच तिथे आडनाव सांगितलं.

“मग आधी सांगायचं होतंस,” ते म्हणाले. एवढ्यात मी ‘तू’ झालो होतो.

कुणी टाळी वाजवली नाही. व्याख्यात्यांनी शेरा मागे घेतला नाही. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही.

आज मी सत्तरीत आहे. गाणं ऐकतो, सगळ्या तऱ्हांचं. कार्यक्रमाला जाण्याआधी विचारतो, वाजवणारे कुठे बसणार? सरळ उत्तर मिळालं नाही तर जात नाही. आणि गेल्यावर कुणाला दाराशी उभं केलेलं दिसलं, तर कार्यक्रम थांबवतो. भर सभेत. समोर कोणीही गात असो.