मावशींचा प्रश्न अरबीत

सैन्याने मला अरबी शिकवलं. पुढे शांतिसेनेच्या तुकडीबरोबर दुभाष्या म्हणून मी दक्षिण लेबनॉनला गेलो. गावकरी बोलतील ते आमच्या मेजरसाहेबांना हिंदीत सांगायचं, साहेब बोलतील ते गावकऱ्यांना अरबीत. समोरचा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं, हे आम्हाला पक्कं शिकवलेलं. एकदा सीमेच्या कुंपणापलीकडे गेलेल्या शेळ्यांवरून एक बाई साहेबांवर ओरडत होती, आणि मी साहेबांसमोर "माझी जनावरं आणून देताय की मी स्वतः जाऊ?" असं म्हणत उभा होतो. तिच्या मुलाची गावात पावाची भट्टी होती. त्याला माझं हे त्याच्या आईसारखं बोलणं इतकं आवडलं की तो आमच्या चौकीवर गरम पाव आणून द्यायला लागला. मी भारतात परतल्यावरही ईदला आमचं फोनवर बोलणं व्हायचं.

निवृत्तीनंतर पनवेलला फ्लॅट घेतला. शेजारच्या मावशी इथल्याच, कोकणातल्या ज्यू कुटुंबातल्या. त्यांचे नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले. मुलगीही तिकडेच, उत्तरेला सीमेजवळ राहायची. आमच्या चौकीवरून तिचं गाव दिसत असणार. हे कळलं तेव्हा मावशींना गंमत वाटली होती. "म्हणजे तू माझ्या लेकीच्या परसदारी पहारा देत होतास," त्या म्हणायच्या.

इस्राएल-लेबनॉन सीमेवर लढाई सुरू झाली आणि ती गंमत गेली. सकाळचा चहा झाला की मावशी येऊन बसायच्या. "तुला त्यांचं कळतं ना, ऐकून सांग." मी मोबाइलवर अरबी बातम्या लावायचो आणि दोन्हीकडचं सगळं सांगायचो. काही वेळा त्या मध्येच उठून जायच्या.

एके दिवशी निवेदक इस्राएलने रिकामी करायला सांगितलेल्या लेबनॉनमधल्या गावांची नावं वाचत होता. त्यात आमच्या चौकीजवळचं, भट्टीवाल्याचं गाव आलं. "हे माझं गाव," माझ्या तोंडून निघालं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी भट्टीवाल्याला फोन लावला. तो गाडीत होता, आई मागच्या सीटवर, रस्ता तुंबलेला.

"विचार त्याला," मावशी म्हणाल्या, "माझ्या लेकीवर रॉकेटं याच्याच गावातून येतात का."

"मावशी, आत्ता नको."

"दुभाष्या होतास ना? मग विचार."

मी विचारलं. सवयीने 'माझ्या लेकीवर' असंच विचारलं.

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "तुला लेक कधी झाली?" त्याने विचारलं. प्रश्न शेजारणीचा आहे, तिची मुलगी कुंपणापलीकडे राहते, हे मी सांगितलं. तो म्हणाला, "तिला सांग, मी घराला कुलूप लावून निघालोय. गावात कोण काय करतं ते मला विचारू नका." आणि त्याने फोन ठेवला.

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. मावशी उठून घरी गेल्या.

मावशींची मुलगी पुढे दक्षिणेकडे राहायला गेली, सुखरूप आहे. भट्टीवाल्याचा फोन त्यानंतर लागलेला नाही. नोकरीत असताना एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगितलं की मी सुटायचो, त्याचं पुढे काय झालं हे साहेब बघायचे. आता तसं सुटता येत नाही. तो प्रश्न त्याने माझ्या आवाजात ऐकला.

मावशी अजून येतात, पण बातम्या लावू देत नाहीत. परवा, लेक सुखरूप राहिली म्हणून केलेला, गूळखोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा घेऊन आल्या.

"लागला का रे फोन?"

"नाही."

"त्याच्या आईचं वय काय असेल?"

"तुमच्याएवढंच."

त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. मी ती तशीच ठेवून पुन्हा त्याचा नंबर लावला.